वजनाला घेऊन या

“पंखा लावला तर ह्यांची कार्डं उडतात, बंद ठेवला तर आपण उकडून निघतो. तपासणी म्हणे,” सिस्टर समुपदेशिकेच्या कानाशीच पुटपुटली, आणि तरी पंखा बंदच ठेवला. मेजावर ते कार्ड — जाड, पांढरं, पाच छापील वर्तुळं. बाळाच्या टाचेतल्या रक्ताचा एकेक थेंब मावेल एवढी. अजून पाचही रिकामी. समुपदेशिका वर्तुळांकडेच बघत राहिली, कारण समोरच्या दोघींकडे बघण्यापेक्षा ते सोपं होतं.

सून आणि सासू. सुनेच्या मांडीवर दहा महिन्यांचा बबड्या, पिशवीचा बंद चोखत.

दीड महिन्याचा असताना त्याची तपासणी चांगली आली होती. पण आईला लागण, बाळ अंगावर पिणारं — म्हणजे सहाव्या महिन्यात पुन्हा बघायला हवं, हे समुपदेशिकेच्याच वहीत, तिच्याच अक्षरात. फोन केला होता तिने, नाही असं नाही. उचलला सासूने. आणि फोनवर आजाराचं नाव घ्यायचं नाही, हा नियम तिचाच. एका बाईचं घर एका फोनने मोडलं, त्यानंतरचा. कुणीही उचलला तरी एवढंच म्हणायचं : बाळाला वजनाला घेऊन या.

“वजन? चांगला गुटगुटीत आहे हो. सवड झाली की आणू.” सासू हसली होती. तीही हसली होती, आणि वहीत ‘कळवले’ लिहून मोकळी झाली होती. कळवले... काय कळवलं मी? चार महिने तो शब्द वहीत शहाण्यासारखा बसून राहिला, आणि तिकडे ते लेकरू रोज पीत होतं...

आज सासूनेच आणलं होतं त्याला. तीन आठवडे ताप येतो-जातो. दारातच म्हणाली, “तुम्ही वजन वजन करत होतात ना ताई, घ्या. आता खरंच उतरलंय.”

तिने वजनकाटा सोडून सरळ कार्ड काढलं होतं.

सिस्टरने टाच कोमट फडक्यात धरली, पुसली, टोचली. बबड्याने आधी नवलाने बघितलं, मग भोकाड पसरलं. एक, दोन, तीन... चौथा थेंब वर्तुळाबाहेर ओघळला. पाचवा. आता कार्ड वाळेल, पाकिटात जाईल, आणि उत्तर यायला दोन आठवडे. दोन आठवडे मी काय करणार? जेवेन, बस पकडेन, लोकांना नमस्कार करेन...

फॉर्मवर एक रकाना उरला होता : आईच्या औषधात खंड पडला का?

“आजी, बाहेर हवेशीर आहे. बसता का जरा?”

“बरी आहे मी इथे.”

सून फरशीकडे बघत होती. समुपदेशिकेने पेन हातात घेतलं. भित्री आहेस, स्वतःला म्हणाली, आणि पुन्हा तोच आडवाटेचा रस्ता धरला. “ताकदीच्या गोळ्या घेतेस ना रोज?”

“घेते,” सून म्हणाली. फार लवकर म्हणाली.

“नव्हती घेत,” सासू म्हणाली. आवाज चढला नाही. बबड्याच्या पाठीवरून फिरणारा हातही थांबला नाही. “माझे गुडघे धरले, जिना चढवेना, म्हणून मी हिच्या खोलीत झोपायला आले. माझ्यासमोर डबी उघडणार कशी? दोन महिने गोळ्या बंद होत्या.”

सुनेने बबड्याचं झबलं खाली ओढलं. सिस्टर हातातला कापूस नुसताच चुरत राहिली.

“लेकाच्या कपाटात तसलीच डबी आहे. दोन वर्षं बघतेय. माझ्याच लेकाने दिलाय हिला एचआयव्ही. हिला वाटतं मला ठाऊक नाही. मला वाटायचं, बोलले तर ही निघून जाईल.” मग ती पहिल्यांदा थेट समुपदेशिकेकडे वळली. “आता बाळाचं तेच बघताय ना? मग त्या दिवशी सांगायचं होतंत फोनवर. मी आणला नसता का त्याला?”

नियमाचं कारण तयार होतं, अगदी खरं कारण, आणि इतकी वर्षं त्याच्याआड किती निवांत उभी होते मी, हे तिला दिसलं. तिथून बाहेर आल्यावर पाय कुठे ठेवायचा, ते कळेना. रकाना अजून कोराच होता. बबड्या हुंदके देत तिच्याकडे बघत होता.