धाकटीचं तोंड

"उपटा, उपटा जाऊबाई! मुळासकट उपटा. माझ्या शेळ्या तुम्हाला दुवा देतील!"

धाकटी पायवाटेवर उभी राहून ओरडत होती. तिच्यामागे शेळ्यांचा कळप आणि समोर, राखीव रानाच्या कडेला, वाकून खणणारी थोरली. थोरलीच्या हातात कुदळ होती, म्हणून मजुरीला आलेल्या आम्ही बाया जरा बाजूला सरकलो.

दोघी सख्ख्या जावा. घरांची मधली भिंत एक, अंगण एक, आणि अंगणात दगडांची ओळ, म्हणजे कुणाचा केर कुणाकडे जायला नको. राखीव रान म्हणजे टेकडीच्या पायथ्याची थोडीशी झाडी. खालचा झरा आटायला लागला तेव्हा गावाने ती चराईला बंद केली. राखण थोरलीकडे दिली, कारण ती कुणाचं ऐकत नाही हे सगळ्यांना माहीत होतं. बंदीचा खरा फटका बसला धाकटीला. हाकेवरचा चारा गेला, माळ ओलांडून लांब जाणं आलं. मागच्या उन्हाळ्यात त्या माळावर तिची दोन करडं गेली. ती तिने उचलून आणली आणि थोरलीच्या उंबऱ्यासमोर ठेवली. थोरलीने त्यांना ओलांडून पाणी भरलं. गावाने ते पाहिलं आहे.

आता पावसाळा सरला होता आणि थोरलीने घाणेरी काढायला घेतली होती. त्या काटेरी गचपणाखाली झाडांची रोपं होती, पण उजेडाविना वीतभरच राहिलेली. घाणेरी वरून छाटली तर दुप्पट फुटते. जमिनीत चार बोटं कुदळ घालून मुळाची मान तोडायची आणि झुडूप उलटं ठेवायचं, मुळं आभाळाकडे, म्हणजे ती पुन्हा माती धरत नाहीत. आतलं सगळं असं काढून झालं होतं. राहिली होती फक्त कडेची रांग.

"तुमची खरी राखणदार ही रांग आहे," धाकटी म्हणाली. "काट्यांमुळे शेळी आत शिरत नाही. ही गेली की झोपा तुम्ही खुशाल."

"धमकी देतेस?"

"देते. काय कराल?"

"हे," थोरली म्हणाली आणि समोरच्या झुडपाच्या बुडाशी कुदळ घातली. आमच्यातली एक म्हातारी म्हणाली, "अगं, निदान कड तरी ठेव." "तू कुणाच्या बाजूची?" थोरलीने विचारलं. आम्ही कामाला लागलो. दिवस मावळेपर्यंत रांग संपली.

उजेड लागताच रोपांना कोवळे शेंडे फुटले. आणि फुटले तसे गेले.

थोरलीने गाव गोळा केलं. कारभाऱ्याच्या ओसरीवर ती उभीच राहिली. "हिने मुद्दाम शेळ्या घातल्या."

"घातल्या नाहीत, गेल्या," धाकटी म्हणाली. "दार सताड उघडं टाकल्यावर कोण जात नाही? आणि मी आधी सांगितलं होतं. विचारा या बायांना."

कारभाऱ्याने आम्हाला विचारलं. आम्ही खाली बघत हो म्हणालो.

"मग तिला काय बोलणार?" कारभारी थोरलीला म्हणाला. "उन्हाळा सरताना आपण सगळे रानात जाऊ. रोपं उभी असली तर बंदी राहील. नसली तर रान चराईला उघडू. रिकाम्या जागेसाठी लोकांनी माळ किती तुडवायचा?"

"कुंपण शेत खातं असं ऐकलं होतं," धाकटी म्हणाली. "इथे राखणदारणीने कुंपणच खाल्लं!"

सगळे हसले. खोटं कशाला बोलू, आम्हीही हसलो.

त्यानंतर थोरली भांडायचीच बंद झाली. उलटी वाळलेली घाणेरी ओढून ओढून तिने रोपांभोवती रचली. तरी शेंडे जातच राहिले. चुलीपुढे बसून ती एकदा मला म्हणाली, "तिने सांगितलं ते अक्षर न् अक्षर खरं निघालं. ती खोटं बोलत नाही गं. खोटं बोलायला आधी विचार करावा लागतो, तेवढा दम तिला निघत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळीच भिंतीवरून आवाज गेला. "काय गं ए! आवर तुझ्या त्या कानफाटी शेळीला. उकिरड्यावरचं चघळणारी जात! माझ्या रोपांभोवती आता वाळके काटे आहेत, शिरून दाखव म्हणावं."

धाकटी धार काढत होती. भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. "वाळके काटे? अहो, मुळांच्या बाजूने तोंड घालते ती, तुम्हाला कळतसुद्धा नाही! आणि उकिरडा कुणाला म्हणता? माझी कानफाटी तुमच्याहून स्वच्छ आहे. पाल्याला लेंडीचा नुसता वास आला तरी तोंड लावत नाही. उपाशी मरेल, पण शिवणार नाही!"

"असेल बाई," थोरली म्हणाली आणि आत गेली.

भांडण इतक्यात संपलं म्हणून धाकटी बावरलीच. मग विहिरीवर येऊन तिने सगळ्यांना सांगितलं, की जाऊबाईंची वाचा बसली. पुढे तर थोरली रोज उठून सगळं अंगण झाडू लागली, दगडांच्या ओळीपलीकडचं, थेट शेळ्यांच्या खुंट्यापर्यंत.

"जिरली!" धाकटी म्हणाली. "माझं अंगण झाडतेय."

झाडलेल्या लेंड्या बादलीत जात होत्या. रात्रभर पाण्यात भिजत होत्या. सकाळी थोरली ते पाणी फडक्याने एकेका रोपाला फासत होती, नवं पान आलं की पुन्हा. मी एकदा मदतीला गेले आणि दोन दिवस हाताने जेवू शकले नाही. कानफाटी आली, तिने हुंगलं, फुरफुरली आणि वळली. बाकीच्या तिच्यामागून वळल्या.

उन्हाळा सरताना गाव रानात गेलं. कारभाऱ्याने नाकाला रुमाल लावला होता. रोपं गुडघ्याएवढी उभी होती, घाणेरडी, पण शेंड्यासकट.

"बंदी राहील," रुमालातून कारभारी म्हणाला.

धाकटीने एक पान तोडून हुंगलं. "हा माल माझ्या गोठ्यातला आहे."

"तुझ्याच," थोरली म्हणाली. "अक्कलही तुझीच."

आम्ही धाकटीच्या तोंडाकडे बघत राहिलो. ते उघडलं आणि तसंच मिटलं. पान टाकून, शेळ्या हाकत ती माळाकडे निघून गेली.

त्याला आता वर्ष होत आलं. परवा थोरलीने मला रोपं दाखवली. लेंडीचं पाणी वाळून पानांवर बसलेलं, आणि तरीही चार रोपांचे शेंडे खुडलेले. कानफाटी वासाला सरावली की आणखी काही, कोण सांगणार?

थोरली रोज सकाळी भिंतीशी उभी राहते. कानफाटीला शिव्या देते, धाकटीच्या माहेराला देते, तिच्या हातच्या स्वयंपाकाला देते, आणि मग गप्प राहून कान लावते. पलीकडून फक्त भांड्यात पडणाऱ्या धारेचा आवाज येतो.