शाळेच्या कडुनिंबावरचं जाळं

माझी बायको मनकर्णा पावसाळ्यात वारली. पुढे महाशिवरात्रीची मार्कंड्याची जत्रा आटोपल्यावर शाळेत सातवीची गणिताची परीक्षा झाली. पहिल्या दोघांना गुरुजी शिष्यवृत्तीच्या परीक्षेसाठी चांद्याला पाठवणार होते. आमची लेक गोकुळा गणितात हुशार. तिने मास्तरीण व्हावं असं तिची आई नेहमी म्हणायची.

निकालात गोकुळा बरीच खाली गेली. संध्याकाळी चुलीपुढे बसून तिने सांगितलं, की पाण्याच्या मडक्याखाली उत्तरांची चिठ्ठी होती. तहान लागली म्हणून पोरं उठायची आणि चिठ्ठी पाहून यायची. त्यांत कुंताही होती.

कुंता लटारूची मुलगी, गोकुळाची मैत्रीण. मनकर्णा गेली तेव्हा आमची चूल बंद होती. लटारूच्या घरून जेवण यायचं आणि ते कुंताच आणायची.

उद्या गुरुजींना भेटतो, असं मी म्हणालो.

"नोको येऊ, बा," ती म्हणाली. "तू नाव सांगशीन त माह्यासंग कोणी बोलणार नाई. माय बी नाई आता."

मनकर्णाला काहीतरी सुचलं असतं. मला मासे धरण्यापलीकडे काय येतं?

आम्हा ढिवरांत एक रीत आहे. मासे अंडी घालतात त्या दिवसांत तलाव बंद असतो. कोणी चोरून जाळं टाकलं, तर पाहणारा त्याचं नाव घेत नाही. तो आपलं जाळं पाळीवरच्या, तलावाच्या बांधावरच्या झाडाला टांगतो. ते पाहून बाकीचेही टांगतात. चोर आपणहून बोलेपर्यंत कोणाचंच जाळं खाली येत नाही.

सकाळी मी जाळं घेऊन शाळेत गेलो आणि दारातल्या कडुनिंबाला टांगून खाली बसलो. गुरुजी वर्ध्याकडचे. ते हसले. "शाळेत मासे मिळत नाहीत, भाऊ. वाळवायचं तर तलावावर वाळवा." वर्गातली पोरं मात्र हसली नाहीत. गोकुळाने मान खाली घातली.

लटारू तलावाकडे चालला होता. जाळं पाहून थांबला.

"कोनाचं पोट्टं?" त्याने विचारलं.

मी बोललो नाही. त्याने पुन्हा विचारलं नाही. खांद्यावरचं जाळं काढून माझ्या जाळ्याशेजारी टांगलं, बाजूला बसला आणि मला विडी दिली. मला त्याच्याकडे पाहवेना.

दुपारपर्यंत आणखी जाळी आली. हे काय चाललंय म्हणून गुरुजी विचारू लागले. कोणी सांगेना.

तेव्हा कुंता वर्गातून उठून बापासमोर येऊन उभी राहिली. "मी बी चिठ्ठी पाह्यली," म्हणाली. तिच्यामागून बाकीची पोरं आली.

लटारूने हात उगारला नाही. "बोलली ना आता," एवढंच म्हणून त्याने जाळं उतरवलं. मी माझं ओढलं तर ते फांदीला अडकून फाटलं. फाटलेलं जाळं मनकर्णा विणायची. मी ते तसंच घरी आणून टाकलं.

गुरुजींनी नवी गणितं घालून परीक्षा पुन्हा घेतली. गोकुळा दुसरी आली. चांद्याला जायचं ठरलं, तरी ती माझ्याशी बोलेना.

मग एके दिवशी घरी आलो तर दोघी पोरी ओट्यावर जाळं पसरून बसल्या होत्या. कुंता गाठी मारत होती.

"माह्या मायसारखी गाठ नाई येत तुले," गोकुळा तिला म्हणाली.

"मंग तू मार."

गोकुळाने मला पाहिलं. जरा सरकली.

"बा, हे टोक धर."