ओटी भरलेला पडदा

मित्रांनो, गुंडाळून ठेवलं की मी एका लांब बांबूसारखा दिसतो. सोडलं की माझ्यात नदी वाहू लागते. उदगीरकडच्या एका गावातल्या हायस्कूलचा मी जुना पडदा आहे. गावात टीव्ही यायच्या आधी दर साली गॅदरिंगला शाळेचं संगीत नाटक व्हायचं. आसपासच्या गावांतून लोक गाड्या जुंपून यायचे. पोरं गायची, पोरंच लुगडी नेसून बायका व्हायची, आणि सगळ्यांच्या मागं मी उभा असायचो.

माझा जन्म बाहत्तरच्या दुष्काळातला. विहिरी तळाला गेल्या होत्या. मोठी माणसं खडी फोडायला जात होती आणि त्यांच्याबरोबर पोरंही जात होती. यंदा गॅदरिंग नको, असंच सगळे म्हणत होते. पेटी वाजवणारे व्यंकटराव मास्तर तेवढे म्हणाले, "पोरं दिसभर दगडाचा आवाज ऐकतात. एक सांज गाऊ द्या त्यांना."

त्यांनी स्वतःच नाटक लिहिलं. गावावर रुसून निघून गेलेल्या नदीचं आणि तिला माघारी आणायला गेलेल्या लेकराचं. चाली थोड्या भजनातल्या होत्या, थोड्या सिनेमातल्या. नाटकाला नदीचा पडदा हवा होता, म्हणून त्यांनी चंद्रप्पा पेंटरला बोलावलं.

चंद्रप्पा दुकानांच्या पाट्या रंगवायचा आणि पोळ्याला बैलांची शिंगं. एवढं मोठं चित्र त्यानं कधी काढलं नव्हतं. त्याच्या बायकोनं, दानम्मानं, मांजरपाटाचे पट्टे जोडून मला शिवलं. चंद्रप्पानं रंग कापडाला धरावा म्हणून चिकट सरस उकळला आणि त्यात पुडीचे रंग कालवले. असे रंग पक्के नसतात, मित्रांनो. बोट घासलं तरी निघतात, पाण्यानं तर पार जातात. म्हणूनच जुना पडदा धुऊन त्यावर नवं चित्र काढता येतं.

डोंगर झाले, आभाळ झालं. नदीपाशी येऊन चंद्रप्पा अडला. घरात इकडंतिकडं बघायला लागला.

"अवो, काय शोधायलात?" दानम्मानं विचारलं.

"पाणी. निळा पातळ करायला पायजे. घट्ट रंगाची नदी डबक्यावानी दिसती."

दानम्मानं प्यायच्या घागरीतलं पाणी त्याच्या डब्यात ओतलं.

"अगं, हे प्यायचं हाय."

"हाव की. नदीलाबी तहान लागली म्हणायची."

"मग सांजच्याला तू काय पिणार?"

"तुमची नदी."

चंद्रप्पा हसला आणि त्यानं कुंचला बुडवला. ते पाणी मला अजून आठवतं. थंड होतं आणि त्याला घागरीचा वास होता. त्या दिवसापासून मी कापड राहिलो नाही.

नाटकाच्या सांजेला पडद्यामागं धावपळ चालली होती. मन्मथ नावाचा पोरगा नदी झाला होता. दानम्माचं निळं लुगडं नेसून तो पाय अडखळत फिरत होता. तेवढ्यात दानम्मा आत आली. हातात करंडा होता, पदरात खण आणि मूठभर तांदूळ होते. ती माझ्यासमोर वाकली. खण-तांदूळ माझ्या पायथ्याशी ठेवले आणि हळदीकुंकवाची बोटं नदीच्या काठाला टेकवली. बोटांबरोबर निळा रंगही निघून आला.

चंद्रप्पा धावत आला. "येडी का खुळी तू? सरसाचा रंग हाय, लगेच निघतो."

"नदी दिसली की तिची वटी भरल्याबिगर म्होरं जाऊ ने. माझ्या अव्वानं शिकिवलंय."

"ही कापडाची हाय गं."

"मग घागरीतलं पाणी बी कापडाचं व्हतं का?"

व्यंकटराव मास्तर पेटीवर हात ठेवून हसत म्हणाले, "चंद्रप्पा, तुमची नदी पास झाली."

मग मला गुंडाळून वर बांधलं आणि नाटक सुरू झालं. लेकरानं नदीला हाका मारल्या, गाणं संपलं, आणि दोरी सैल झाली. मी उलगडत खाली आलो. पेट्रोमॅक्सच्या उजेडात माझी नदी हलल्यासारखी दिसली. लोकांनी माना उंच केल्या. मग मागून कुणीतरी म्हणालं, "वन्स मोअर." ते गाण्यासाठी नव्हतं, माझ्यासाठी होतं. मला पुन्हा वर ओढलं आणि पुन्हा खाली सोडलं. गावानं त्या सांजेला नदी दोनदा येताना पाहिली. दानम्मा बायकांत बसली होती. तिचे ओठ कोरडे होते आणि ती माझ्याकडं बघत होती.

पुढं पाऊस झाला, विहिरी भरल्या, तरी ते नाटक काही थांबलं नाही. लोक तेच मागायचे. एकदा एसटीच्या टपावर टाकून मला मुखेडलाही नेलं. मन्मथला मिशा फुटल्या, दुसरा पोरगा नदी झाला, मग तिसरा. गाणी माझ्या घड्यांत साठत गेली. उन्हाळ्याच्या सुटीत शाळा ओस पडली की मी गुंडाळलेला, अंधारात, तीच ऐकत पडायचो. आत कुठंतरी पाणी वाहत असायचं.

दर साली दानम्मा करंडा घेऊन यायची आणि त्याच जागी बोटं टेकवायची. दर साली चंद्रप्पा कुरकुरायचा, "लाव, लाव. एक दिस सगळी नदीच पुसून टाक." काठावर एक तांबडा ठसा झाला, चार बोटांचा.

मग एका साली ती आली नाही. साध्या तापाचं निमित्त झालं. त्या गॅदरिंगला चंद्रप्पाही आला नाही.

त्याच साली आमचा जिल्हा बदलला. उस्मानाबादला जायचे कागद आता लातूरला जाणार होते. गावात पताका लागल्या. नव्या जिल्ह्याच्या आनंदात शाळेनं नाटक करायचं ठरवलं. हेडसर म्हणाले, "तेच नाटक करा, पण पडदा आता जुना झाला. सगळा धुऊन काढा. नवं चित्र हवं. लातूरच्या गंजगोलाईचा गोल बाजार, कचेरी, वर झेंडा."

धुवायला चंद्रप्पालाच बोलावलं. त्यानं मला शाळेच्या पटांगणात पसरलं. हौदातून बादली भरून आणली आणि वरून सुरुवात केली. आभाळ विरघळलं. मग डोंगर गेले. मला झोप येत होती, मित्रांनो. पुसलं जाणं दुखत नाही. झोपेसारखंच असतं ते. गाणी एकेक करून लांब जात होती.

नदीपाशी येऊन चंद्रप्पाचा हात थांबला. तो माझ्या काठाशी बसला. बोटांच्या ठशावर त्यानं आपला पंजा धरला, न टेकवता, नुसता वर.

व्यंकटराव मास्तर आले. "का थांबलात?"

"मास्तर, दर साली बोललो बघा तिला. पुसू नको म्हणून. आता पुसायचं माझ्याच हातात आलं."

मास्तर त्याच्याशेजारी जमिनीवर बसले. ऊन माझ्यावरून हळूहळू सरकत गेलं आणि मी वाट बघत राहिलो.

हेडसर फिरत फिरत आले. "चंद्रप्पा, खालचं राहिलं की."

"राहू द्या सर."

"का?"

"नवा जिल्हा झाला तरी त्याला पाणी लागंलच की."

हेडसर वाकून बघायला लागले. "ठीक. पण काठाला हे तांबडं काय लागलंय?"

"वटी भरलीय तिची."

"कुणी?"

"घरच्यांनी."

हेडसरांनी चष्मा काढून पुसला. "मग ते असू द्या," म्हणाले आणि निघून गेले.

वर नवं लातूर उभं राहिलं. खाली जुनी नदी तशीच राहिली. आता नदीचं काम पहिल्यांदाच एका मुलीकडं होतं. पंचफुला तिचं नाव. पहिली घंटा झाली तेव्हा ती पडद्यामागं पदर सावरत होती. चंद्रप्पा आला. खिशातून त्यानं दानम्माचा करंडा काढला.

पंचफुला म्हणाली, "काका, रंग जाईल की. तुमीच सांगता, हात लावू नका म्हणून."

"जाऊ दे पोरी. एकडाव माझ्या हातानं जाऊ दे."

त्यानं चार बोटांच्या ठशाशेजारी आपला जाड अंगठा टेकवला. कुंकू माझ्याकडं राहिलं आणि माझा थोडा निळा त्याच्याकडं गेला. अंगठा त्यानं धोतराला पुसला नाही. नाटक संपेपर्यंत तो हात वेगळा धरून उभा होता.

आता चंद्रप्पाही नाही. संगीत नाटकं होत नाहीत. गॅदरिंगला गाणी मशिनीवर लागतात आणि मागं छापलेलं फ्लेक्स असतं. पोरं छान नाचतात, मला आवाज येतो. मी सामानाच्या खोलीत, मोडक्या बाकांवर पडून आहे.

मित्रांनो, कधी मला बाहेर काढाल तर ओढू नका. एकानं हे टोक धरा, दुसऱ्यानं ते, आणि हळूच सोडा. आभाळ जुनं वाटलं तर खुशाल धुऊन नवं काढा. आभाळं बदलतात, जिल्हेही बदलतात. पण खाली काठाशी चार बोटं आणि एक अंगठा दिसेल. तो डाग नाही. तेवढ्याला ओला हात लावू नका.