चिनी चकोल्या

अंबूबाईच्या हिशेबी माणसं दोनच जातीची होती. एक तिखट खाणारी आणि दुसरी आजारी. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या तिच्या घरी उन्हाळ्यात चटणी कांडली जाई, आणि त्या खकाण्यानं सगळी गल्ली शिंकायला लागली की तिला वर्षाचं सार्थक झाल्यासारखं वाटे. नवरा बाळासो एसटीत ड्रायव्हर, चंदगड लाइनला. वाटेवरच्या हॉटेलांतून मिसळीवर मिसळ हाणून तो घरी येई आणि वर पुन्हा तिचा तांबडा रस्सा वाटी तोंडाला लावून पिई. अशा घरात दिवाळीनंतर त्यानं बायकोला न विचारता पुढची खोली भाड्यानं दिली.

"बाई मुंडगोडची हाय. तिबेटी. थंडीपुरती येती, स्वेटर इकती, होळीच्या आधी जाती."

"चिनी बाई माझ्या दारात?"

"चिनी न्हवं, तिबेटी."

"नाक दिसतंय की मला. तुमी नगा शिकवू."

बाईचं नाव यांगचेन. चाळिशीची, गालांवर लाली, कमरेला पट्ट्यापट्ट्यांचं कापड बांधलेलं, बरोबर स्वेटरांचे दोन गठ्ठे. हिंदी तिची मोडकीतोडकी. पण मुंडगोडच्या वसाहतीत राहून कानडी चांगली येत होती. अंबूबाईचं माहेर निपाणीकडचं, तिलाही कानडी लहानपणापासूनची. त्यामुळं दोघींना एकमेकींना टाकून बोलायला कसलीच अडचण पडली नाही.

सुरुवात झाली पहिल्या रविवारी. भाडेकरू असली तरी दारात आलेली बाई, म्हणून अंबूबाईनं तिला रश्श्याचं भांडं दिलं. यांगचेननं एक घोट घेतला, ठसकली, डोळे पुसले आणि म्हणाली, "खारा!"

"मीठ जास्ती झालं म्हनती?" बाळासोनं विचारलं.

"कानडीत तिखटाला खारा म्हनत्यात," अंबूबाई म्हणाली. तिला त्यात कौतुकच वाटलं. पण पुढच्या क्षणी यांगचेन भांडं घेऊन नळाखाली बसली, मटणाचे तुकडे एकेक करून धुतले आणि मग खाल्ले. रस्सा मोरीतून वाहून गेला. अंबूबाई चौकटीला धरून बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी यांगचेननं परत भांडं दिलं, ते रिकामं दिलं नाही. आत पांढुरकं पाणी, त्यात मुळ्याचे काप आणि पिठाच्या लांबलचक पट्ट्या.

"काय म्हनायचं ह्येला?"

"थुक्पा."

"नावातच थुकी हाय," अंबूबाई नवऱ्याला म्हणाली. तिनं बोट बुडवून चाटलं. "धुनं धुतलेलं पानी. आन् ह्या तर आपल्या आमटीतल्या चकोल्या की! चिनी चकोल्या." ते सगळं तिनं शेजारच्या कोंबड्यांना घातलं. खिडकीत उभी राहून यांगचेन बघत होती, हे तिला ठाऊक होतं. म्हणूनच तिनं सावकाश घातलं.

दोन हिवाळे हे असंच चाललं. इकडं फोडणी बसली की तिकडं खिडकी धाडकन बंद व्हायची. तिकडं पातेलं चढलं की इकडून आवाज यायचा, "शिजलं का गं धुनं?" यांगचेनही कमी नव्हती. "तुमच्याकडं मांस शिजवत नाहीत, जाळतात," ती म्हणायची. एवढं पटत नसताना खोली सोड असं अंबूबाईनं तिला कधी सांगितलं नाही. टाकून बोलायला असं तयारीचं माणूस गल्लीत दुसरं नव्हतं.

तिसऱ्या हिवाळ्यात आजऱ्याच्या स्टँडवर गाडी लावता लावता बाळासोला रक्ताची उलटी झाली. कंडक्टर गुंडूनं त्याला जीपमधनं कोल्हापूरला आणलं. दवाखान्यात बरेच दिवस गेले. सोडताना डॉक्टर म्हणाले, "पोटात अल्सर आहे. तिखट, मसाला, तेल सगळं बंद. पुढंही बंदच समजा."

"मग ह्यांनी खायाचं काय?"

"दूधभात. पेज. मऊ, गरम, साधं."

"डॉक्टर, तुमचं गाव कुठलं?"

"पुणे."

"वाटलंच," अंबूबाई म्हणाली आणि पिशवी उचलून चालू लागली.

पण रक्तानं माखलेला त्याचा सदरा तिनं डोळ्यांनी बघितला होता, त्यामुळं तिखट बंद झालं. बाळासो दूधभाताकडं असा बघायचा, जसा फाशीची शिक्षा झालेला माणूस दोराकडं बघेल. दोन घास घ्यायचा, ताट सरकवायचा. गालाची हाडं वर आली. अंबूबाईनं खीर केली, मऊ खिचडी केली, तो म्हणायचा, "भूक न्हाय."

एका दुपारी ती हळदीकुंकवाला गेली होती. तिथलं पोह्याचं ताट बघून, "पोह्याला कांदा दावला नुसता," असं मनात म्हणत लवकरच उठली. घरी आली तर बाळासो अंथरुणात नाही. पुढच्या खोलीतून आवाज येत होता. सुर्रर्र. मग पुन्हा सुर्रर्र.

तिनं दार ढकललं. बाळासो स्टुलावर बसलेला, मांडीवर वाडगा, ओठांतून पट्टी लोंबतेय.

"काय चाललंय हितं?"

"जेवतोय."

"कवापास्नं?"

बाळासोनं पट्टी आत ओढून घेतली. "गेल्या बेस्तरवारपास्नं."

"जलमभर माझ्या हातचं खाल्लंसा, आन् आता परक्या बाईच्या खोलीत थुकी पित बसलायसा?"

"थुक्पा," यांगचेन शांतपणे म्हणाली.

"तू गप बस!"

"अगं, पोटाला बरं वाटतंय," बाळासो खाली बघत म्हणाला. "गरम गरम उतरतंय, आन् आतनं कुनीतरी हात फिरवल्यागत वाटतंय."

त्यानं दुसरी बाई ठेवली असती तरी अंबूबाईला एवढं लागलं नसतं. तिनं त्याच्या हातातला वाडगा काढून घेतला, खाली ठेवला आणि म्हणाली, "चला घरी. चकोल्याच खायच्या तर मी घालतो की. त्यात काय अक्कल लागती?"

दुसऱ्या दिवशी तिनं हाडं आणली, मोठ्या जाळावर दणादण उकळली, कणकेच्या चकोल्या कापून सकाळीच आत सोडल्या. दुपारपर्यंत पातेल्यात खळ तयार झाली. ती बघून तिला स्वतःचाच राग आला. चव घेतली तर जिभेला काहीच लागेना. हे असलं माणसाला कसं द्यायचं? तिचा हात आपसूक चटणीच्या बरणीकडं गेला. नुसती नखभर. तेवढ्यानं काय होतंय!

बाळासोनं निमूट खाल्लं. दिवेलागणीला तो पोट धरून कळवळत होता. अंबूबाई पाठ चोळत बसली. कळ ओसरल्यावर तो एवढंच म्हणाला, "चटनी घातलीस नव्हं?" आयुष्यात पहिल्यांदा तिला त्या बरणीकडं बघवेना.

सकाळी ती यांगचेनच्या दारात उभी राहिली. विनवणी करायची सवय तिला नव्हती.

"दाव."

"काय?"

"तुझं ते पानी कसं करत्यात ते."

"कोंबड्यांसाठी पाहिजे का?" यांगचेननं विचारलं.

अंबूबाईनं ओठ आवळले आणि आत जाऊन बसली. मग जे झालं, तसलं तिच्या सासूनंही तिला केलं नव्हतं. हाडांखालचा जाळ यांगचेननं इतका बारीक केला की अंबूबाईला वाटलं, चूल विझली. फेस आला की काढायचा, ढवळायचं नाही. मैदा मळायला दिला तर, "थापतेस काय? भाकरी नाही ही," म्हणून तिनं पीठ हिसकावून घेतलं, मनगटाजवळच्या तळव्यानं रेटून दाखवलं आणि परत दिलं. अंबूबाई मळत राहिली, दंड भरून आले, तरी, "अजून," एवढंच ऐकू येत होतं. मग ओल्या फडक्याखाली गोळा झाकून ठेवायचा. पातळ लाटायचा, घड्या घालायच्या, सुरीनं बारीक पट्ट्या कापायच्या आणि खाणारा बसला की मगच आत सोडायच्या. आलं, मुळा, मूठभर पालक. मीठ शेवटी. मध्येच अंबूबाईनं सवयीनं इकडंतिकडं चटणीचा डबा शोधला, तर मनगटावर लाटण्याचा फटका बसला.

"चवीला तरी काय पाहिजे का नको गं?" ती ओरडली.

"डोंगर उतरताना आईनं बर्फ वितळवून त्यात पीठ शिजवलं होतं," यांगचेन पट्ट्या सोडता सोडता म्हणाली. "हाड नव्हतं, मीठ नव्हतं. मागं चिनी होते. आम्ही सगळे पोटभर खाऊन चालत राहिलो. तुला सगळं मिळतंय आणि तरी तू बिघडवतेस."

अंबूबाईनं मिठाची चिमूट घेतली, निम्मी परत टाकली आणि उरलेली आत सोडली.

चार दिवस यांगचेन रोज चव घ्यायची आणि रोज, "बेकार," म्हणायची. पाचव्या दिवशी म्हणाली, "बेकार. पण मरणार नाही." बाळासोनं वाडगा चाटूनपुसून संपवला आणि म्हणाला, "तिच्यावानी न्हाय झालं."

"मग जावा तिकडं!"

तो गेला नाही. वाडगा मात्र पुढं केला.

पुढं त्याच्या अंगावर मांस धरलं आणि तो कामावर रुजू झाला. पहिल्याच दिवशी थुक्प्याची किटली घरी विसरला, म्हणून अंबूबाई ती घेऊन स्टँडवर गेली. कॅन्टीनमध्ये ड्रायव्हर-कंडक्टरांचा घोळका बसला होता. गणपतराव नावाचा जुना ड्रायव्हर, मिशीला तर्री लागलेली, त्यानं किटलीचं झाकण उचललं.

"आरं तिच्यायला! बाळासो, चिन्याचं खाऊन गाडी चंदगडला न्हेनार का चीनला?"

सगळे खिदळले. बाळासो कसनुसा हसला आणि किटली बाकाखाली सरकवायला लागला. अंबूबाईनं ती उचलून पुन्हा टेबलावर आदळली.

"चिन्याचं न्हवं, तिबेटचं हाय. शिकलेल्याला तेवढं तरी कळाय पायजे. आन् गणपतराव, तुमची बायकू घरात काय शिजवती ते पेठंला म्हाईत हाय, म्हनून तर तुमी हितं पडीक असता. सकाळपास्नं चौथी मिसळ नव्हं ही? खावा. रगत पडलं की माझ्या दाराला या. मी देनार न्हाय."

गुंडू बशीत तोंड घालून हसत होता. गणपतराव मिशी पुसायला लागला. बाळासोनं सगळ्यांदेखत किटलीतलं वाडग्यात ओतलं आणि असा आवाज करून प्यायला की पलीकडच्या फलाटावरच्या माणसांनी वळून बघितलं.

अंबूबाई चालत परत निघाली. दसरा चौकाजवळ फुटपाथवर यांगचेन स्वेटर मांडून बसली होती. पाय दुखत होते, म्हणून अंबूबाई तिच्या गठ्ठ्यावर टेकली.

"किटली दिली?" यांगचेननं विचारलं.

"दिली."

"आलं जास्त घातलं असशील."

"तू नगं शिकवू मला."

समोर एक किडकिडीत माणूस मरून रंगाचा स्वेटर मघापासून उलटासुलटा करत होता. "लोकर खरी दिसंना ही," तो म्हणाला.

"पावनं," अंबूबाई म्हणाली, "लोकर खरीच हाय. दंड खोटं हाईत तुमचं. घ्यायचा तर घ्या, न्हायतर ठेवा खाली, मळवू नगा."

माणूस चिडला, स्वेटर अंगात घातला आणि केवळ हट्टानं विकत घेऊन गेला.

"गिऱ्हाईक पळवून लावशील तू माझं, अक्का," यांगचेन नोटा कमरेला खोचत म्हणाली.

"त्येला तसला रंग शोभत बी न्हाय," अंबूबाई म्हणाली, आणि लांब जाणाऱ्या त्या पाठीकडं बघत दोघी हसत सुटल्या.