नऊ विहिरींची वही

या मित्रांनो, जवळ या. चपला बाहेर काढा आणि माझ्या काठावर मांडी घालून बसा. देवाला साक्ष ठेवून एक गोष्ट सांगते.

मी एक जुनी सतरंजी आहे. पाथर्डी तालुक्यातल्या एका गावच्या मारुतीच्या देवळात राहते. नगरच्या विणकराने मला निळ्या-तांबड्या पट्ट्यांत विणले आणि सप्त्यासाठी गावाने मला हौसेने आणले. पहिल्याच कीर्तनात टाळकऱ्यांच्या पावलांखाली मी धन्य झाले. बुवा म्हणाले, "सतरंजी झकास हाय." ते शब्द मी अजून जपून ठेवले आहेत.

पण ग्रामसभाही माझ्यावरच भरते. कीर्तनाला माणसं बसतात, ग्रामसभेला नुसती बुडं टेकतात. तंबाखू चोळतील, मोबाईल बघतील, हात वर करतील आणि मग कशासाठी वर केला ते शेजाऱ्याला विचारतील. पोरांना तिथे काम एकच. मला अंथरायचं आणि मला उचलायचं. याला आमच्या गावात युवकांचा सहभाग म्हणतात.

अश्विनी सोळा वर्षांची. आठव्या वर्षापासून कीर्तन करते. तिचा गळा ऐकून म्हातारे डोळे पुसतात. तिची आई भीमाबाई आणि वडील दरसाल ऊसतोडीला जातात, कारण त्यांच्या वस्तीवरची विहीर दसऱ्यालाच तळ दाखवते आणि रब्बी पेरता येत नाही. पाऊसही आता पूर्वीचा राहिला नाही. महिनाभर तोंड दाखवत नाही, आणि आला की एका दिवसात सगळा कोसळतो. अश्विनीने मैत्रिणींना घेऊन दोन वर्षे दर अमावास्येला दोरीला दगड बांधून गावच्या नऊ विहिरी मोजल्या आणि वहीत लिहिल्या. वही सांगत होती, गावात होणारा नवा बंधारा ओढ्यावर वस्तीच्या वरच्या अंगाला घातला तर वस्तीच्या विहिरीला पाणी टिकेल. म्हणजे आई घरी राहील. पोरीला एवढंच हवं होतं.

महाराष्ट्र दिनाच्या ग्रामसभेत बंधाऱ्याची जागा ठरणार होती. अश्विनी वही घेऊन उभी राहिली.

"बस गं पोरी," सरपंच आबासाहेब म्हणाले. "हे कीर्तन न्हाई, कारभार हाय."

त्यांच्या मांडीला मांडी लावून बसणारा श्रीमंत नावाचा गडी फिदीफिदी हसला. "मतदार यादीत नाव न्हाई अन् बंधारा ठरवाया निघाली. सभा उठली की सतरंजी झटक, म्हंजी झालं."

"आबा, बंधारा पन्नास वर्सं टिकंल म्हनता," अश्विनी म्हणाली. "पन्नास वर्सांनी तिथं पानी कोन भरनार हाय, तुमी का मी?"

आबासाहेबांनी सभेला हात वर करायला सांगितले. मग नेहमीचे हात वर झाले आणि बंधारा ठरला खालच्या अंगाला, आबासाहेबांच्या मोसंबीच्या बागेला लागून.

सप्टेंबरात एका दुपारी आभाळ फाटल्यासारखा पाऊस झाला. सगळं पाणी वस्तीसमोरून धावत खाली नव्या बंधाऱ्यात गेलं. बाग तरारली. दसऱ्याला वस्तीच्या विहिरीत दोन हातसुद्धा पाणी नव्हतं. भीमाबाई कोयते गुंडाळून ट्रकमध्ये चढली.

मार्गशीर्षात सप्ता बसला आणि अश्विनीचे कीर्तन झाले. कीर्तनकार वयाने केवढाही असो, त्याच्या पाया पडायची आमची रीत आहे. आबासाहेब भक्तिभावाने वाकले. तिने पाय मागे घेतले आणि वही पुढे केली.

"पाया नगा पडू आबा. ही वाचा."

आबासाहेबांनी वही दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली, आणि न उघडता मारुतीपुढच्या नारळांत ठेवून दिली. गावाने हात जोडले.

माणसं माझ्यावर पिंका टाकतात, मी सोसते. त्या दिवशी मात्र मलाच थुंकावंसं वाटलं.

मित्रांनो, मला धुवा, ऊन दाखवा, उंदरांपासून जपा, असं सांगणार होते. राहू द्या. तुमच्या गावात सभा भरेल तेव्हा पोरांना मधोमध बसवा आणि त्यांनी आणलेलं उघडून वाचा. आणि भीमाबाईची आठवण ठेवा. ती या घडीला कुठल्या तरी फडात उसाची मोळी बांधते आहे.