शिलाई खात्याचा निकाल

जेवणघरातल्या पडद्यासमोर पाय ठेवायला जागा नव्हती. आमच्या बुटांच्या कारखान्यातली सगळी खाती काम थांबवून आली होती आणि मोठे साहेब हात बांधून पहिल्या रांगेत उभे होते. त्यांनी आणलेला सल्लागार निर्णय देणाऱ्या संगणकाचे गुण गात होता. आम्ही त्या सल्लागाराला निर्णयमहाराज म्हणायचो.

"माणसाला राग येतो, लोभ सुटतो," तो गोड आवाजात म्हणाला. "या संगणकाला ना भाऊ, ना भावजय. हा फक्त सत्य बोलतो."

मग त्याने विचारलं, गेल्या वर्षी सर्वांत जास्त बूट कोणत्या महिन्यात परत आले? पडद्यावर अचूक महिना उमटला. टाळ्या पडल्या, एका कारकुनाने तर हात जोडले.

माझ्या शेजारी कारखान्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाई होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "गेल्या वर्षीची माहिती याच्याच पोटात भरलीय. झालेलं सांगायला ज्योतिषी कशाला?"

मला हसू आलं, पण ते टिकलं नाही. महाराजांनी पुढचा प्रश्न टाकला: खर्च वाचवायला कोणतं खातं बंद करावं? लाल अक्षरं उमटली: शिलाई.

मी कटिंगचा, म्हणजे चामडं कापायच्या खात्याचा मुकादम, पण माझी बायको शिलाईत. तिथल्या बायकांनी आदल्याच वर्षी मशिनी बंद ठेवून पाळणाघर पदरात पाडून घेतलं होतं. त्यांच्यातल्या सर्वांत जुन्या मावशींनी विचारलं, आमचं चुकलं काय? साहेबांनी सरळ हात झटकले. हे संगणकाचं मत, माझं नव्हे, म्हणाले. निम्म्या लोकांना ते पटलंही. माझी बायकोसुद्धा घरी येऊन म्हणाली, "साहेबाशी भांडता येतं. यंत्राशी कोण भांडणार?"

डॉक्टरबाई भांडल्या. दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमक्ष त्यांनी साहेबांना सांगितलं की कुठलंही औषध त्या तपासल्याशिवाय देत नाहीत, तेव्हा संगणकही तपासू या. शिलाईचे सगळे आकडे पॅकिंगच्या नावावर घाला आणि पॅकिंगचे शिलाईच्या. संगणक आकडे बघून बोलत असेल, तर आता त्याने पॅकिंग म्हणायला हवं. एवढ्या लोकांसमोर साहेबांना नाही म्हणता येईना.

महाराजांच्या तंत्रज्ञाने आकडे बदलले. पडद्यावर पुन्हा तेच: शिलाई.

संगणकाला खोलवरचं दिसतं, आपल्या चर्मचक्षूंना ते कळायचं नाही, असं काहीतरी महाराज पुटपुटले. डॉक्टरबाईंनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. तंत्रज्ञाला म्हणाल्या, हा गुण कसे देतो ते उघडून दाखव. त्याने दाखवलं. प्रत्येक खात्याच्या नावापुढे 'शिस्त' असा रकाना होता. बाकी सगळ्यांना तिथे शून्य, आणि शिलाईच्या नावापुढे एवढा मोठा दंड, की उरलेले आकडे सोन्याचे असते तरी निकाल तोच लागला असता.

"हे कोणी भरलं?" मावशींनी विचारलं.

तंत्रज्ञाने मान खाली घातली. "मोठ्या साहेबांनी सांगितलं होतं."

मावशी पुढे आल्या आणि पडद्याकडे पाठ करून साहेबांसमोर उभ्या राहिल्या.

"पाळणाघराचा राग आहे ना? मग तुमच्या तोंडाने बोला. आम्ही तुमच्या तोंडावर उत्तर देऊ."

शिलाईतल्या बायका तिथेच जमिनीवर बसल्या. माझी बायको पहिल्या ओळीत होती; तिच्याकडे बघून मीही बसलो, आणि माझ्यामागे सगळं कटिंग. संध्याकाळी शिलाई बंद करायचा निर्णय मागे घेतला गेला. पुढे साहेबांनी डॉक्टरबाईंना काढायचा घाट घातला, तेव्हा मशिनी पुन्हा थांबल्या. डॉक्टरबाई अजून दवाखान्यातच आहेत.

संगणक वाईट नाही. आम्ही अजून तो वापरतो. माल किती लागेल याचा अंदाज तो चांगला देतो. पण कशाला किती वजन द्यायचं, हे त्याला कोणीतरी माणूसच शिकवतो. म्हणून 'यंत्राने ठरवलं' असं कोणी म्हणालं, की मान डोलावू नका. यंत्रात काय भरलं आणि कोणी भरलं, ते विचारा. आणि उत्तर मिळेपर्यंत जागचे हलू नका.