शंभरच्या आत

गुंडी अडीच वर्षांची झाली, पाळणाघरात जाऊ लागली आणि घरात रुमाल पुरेनासे झाले. पहिल्या आठवड्यात नाक, दुसऱ्यात कान, तिसऱ्यात पोट. चौथा आठवडा कोरडा गेला म्हणून आईबाप हुरळले, तर पाचव्यात अंगभर पुरळ. डॉक्टर म्हणायचे, "पहिलं वर्ष असंच असतं. आत्ता आजारी पडली की पुढे शाळेत पडणार नाही." सांगणाऱ्याचं काय जातं! त्यांचा दवाखाना तर या पहिल्या वर्षावरच चालत होता.

गुंडीची आई शहरातली बस चालवायची. पहाटे पाचला स्टिअरिंग हातात घेतलं की दोनपर्यंत सुटका नाही, आणि घरी आली की अंथरुणावर कोसळायची. भर रस्त्यात चाळीस उतारू सोडून पोरीचं नाक पुसायला कोण जाऊ देईल? म्हणून सोडायला बाबा, आणायला बाबा आणि मधेच फोन आला की धावत सुटायलाही बाबाच.

बाबा मोजायची उपकरणं तपासणाऱ्या कार्यशाळेत कामाला होता. तराजू, थर्मामीटर, दाब मोजायची घड्याळं, यातलं कोण खरं बोलतं आणि कोण थापा मारतं, हे तो ठरवायचा. खरं बोलणाऱ्याच्या पाठीवर हिरवं स्टिकर लागायचं, त्यावर तारीख आणि त्याची सही. ज्याच्या सहीचं एक जरी स्टिकर खोटं निघालं, त्या माणसाला या धंद्यात पुन्हा कुणी दारात उभं करत नाही.

त्याचं कंत्राट महिनाअखेरीला संपत होतं. साहेबांनी त्याला बोलावून खुर्चीत बसवलं.

"कामात तुझा हात धरणारा कुणी नाही," साहेब म्हणाले. "पण तू असतोस कुठे? या महिन्यात आणखी एक खाडा झाला, तर कंत्राट पुढे चालू ठेवणं माझ्या हातात नाही. पोरगी आजारी असते, कळतं मला. पण वरच्यांना नाही कळत."

पाळणाघराचा नियम साधा होता. दारातच बाई प्रत्येक मुलाच्या कपाळासमोर थर्मामीटर धरायच्या आणि आकडा वहीत लिहायच्या. शंभरच्या आत असेल तर मूल आत, वर असेल तर आल्या पावली घरी. बाई वीस वर्षं हे काम करत होत्या. कुणाला भूक लागलीय आणि कोण नुसतं किरकिरतंय, हे त्यांना पाठमोरं उभं राहूनही कळायचं.

एका संध्याकाळी त्यांनी तो थर्मामीटरच बाबाच्या हातात ठेवला. "गुंडीचे बाबा, तुमचंच काम आहे हे. जरा बघाल का? अर्धा वर्ग खोकतोय, माझ्या हाताला अंगं गरम लागतायत, आणि हे म्हणतं कुणालाच ताप नाही."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्याने तो तपासायला घेतला. कार्यशाळेत एक काळा डबा होता. जितकं ठरवून द्याल तितकाच तो तापायचा, तसूभरही इकडेतिकडे नाही. त्याने डबा एकशे एकवर आणला आणि थर्मामीटर समोर धरला. साडेनव्व्याण्णव. पुन्हा धरला. साडेनव्व्याण्णव. खोटारडेपणातसुद्धा काय सातत्य! त्याने उपकरण उलटं करून पाहिलं. पुढच्या काचेवर कुणा पोराच्या बोटाचा तेलकट ठसा बसला होता. औषधाच्या बोळ्याने पुसलं की झालं, दोन सेकंदांचं काम.

बोळा हातात धरून तो हिशोब करत बसला. आज सकाळी गुंडी नव्व्याण्णव होती, म्हणजे खरं तर साडेशंभर. ती आत गेली म्हणून तो इथे होता. तिच्यासारखी आणखी किती आत जात असतील, आणि एकमेकांना काय काय देत असतील! गुंडी सारखी आजारी का पडते, त्याचं उत्तर त्याच्या हातात होतं. पण काच पुसली तर उद्या सकाळी पहिली परत येणार ती गुंडीच, आणि तो खाडा शेवटचा ठरणार. इकडे आड, तिकडे विहीर. महिना संपायला बारा दिवस होते. बारा दिवसांनी पुसतो, त्याने ठरवलं. कोणतंही पाप करताना माणूस त्याला अशी एक शेवटची तारीख देतोच.

त्याने बोळा टाकून दिला, हिरवं स्टिकर काढलं, सही केली आणि चिकटवलं. कुंपणानेच शेत खाल्लं.

"एकदम बरोबर आहे, बाई," संध्याकाळी तो म्हणाला.

"पण माझ्या हाताला लागतं ते?"

"हातावर काय जाता? तुम्ही आत्ताच गरम पाण्यातून वाट्या काढल्या असतील."

बाई हसल्या. त्यांना पटलं. शिकलेला माणूस सांगतोय म्हटल्यावर पटणारच.

नवव्या दिवशी गुंडी उठली तीच मलूल. दारात बाईंनी तिचं जाकीट काढलं आणि त्या थबकल्या. "अंग गरम लागतंय हो."

"मशीन काय म्हणतं?"

"नव्व्याण्णव सहा."

"मग?" असं म्हणून तो निघालासुद्धा. जिन्यात त्याला तिचं रडणं ऐकू आलं. ऐकू येऊनही तो उतरत राहिला, आणि स्वतःची त्याला इतकी शिसारी आली की बसस्टॉपवर त्याने कुणाकडे पाहिलं नाही.

अकराला फोन आला. गुंडीला आकडी आली होती. बाईंनी तिला उचलून टॅक्सीत घातलं होतं, एक चप्पल पाळणाघरातच राहिली होती. तो इस्पितळात पोचला तेव्हा गुंडी झोपली होती, हाताला सुई, ओठ पांढरे. डॉक्टर म्हणाले, तापाची आकडी आहे, शुद्धीवर येईल, पण एक दिवस ठेवावं लागेल. "एकशे चार होता. एवढा चढेपर्यंत कुणाला कळलं नाही?"

तेवढ्यात गुंडीची आई आली, बसच्या गणवेशातच. तिने आधी पोरीचे पाय चाचपले, मग बाईंकडे वळली. "सकाळी किती होता?"

"नव्व्याण्णव सहा. दहाला परत लावलं, तेव्हाही शंभरच्या आतच," बाईंनी वही उघडून दाखवली. "ताई, हाताला चटका बसत होता. पण मशीन..." त्या बाबाकडे वळल्या. "तुम्हीच सांगा. ते मशीन बरोबर आहे ना हो?"

एक शब्द पुरला असता. पण तो शब्द म्हणजे सही खोटी, आणि सही खोटी म्हणजे धंदा गेला. बायको त्याच्याकडे पाहत होती.

"बरोबर आहे," तो म्हणाला. "मी स्वतः तपासलंय."

"मग तुम्ही ते लावलंच नाहीत," गुंडीची आई बाईंना म्हणाली. "नुसते आकडे टाकलेत वहीत!"

"मी लावलं होतं. दोनदा लावलं होतं," बाई म्हणाल्या. दुसऱ्यांदा म्हणताना त्यांना स्वतःचीच खात्री नसावी. त्या बाबाकडे पाहत राहिल्या. तो सलाईनचे थेंब पाहत होता.

गुंडीची आई पाळणाघराच्या मालकिणीला फोन लावत बाहेर गेली. दारातून तिचा आवाज येत होता: मालकीणबाई, खोटे आकडे, माझ्या पोरीचा जीव. बाईंनी वही मिटली, पदराने डोळे पुसले आणि कुणालाही न सांगता त्या निघून गेल्या. त्यांच्यामागे जावं असं बाबाला वाटलं. तो जागचा उठला नाही.

बायको परत आली आणि त्याच्या शेजारी बसली. "काढलं तिला," ती म्हणाली. मग तिने थकलेलं डोकं त्याच्या खांद्यावर टेकलं.

"बरं झालं, तू ते मशीन तपासून ठेवलं होतंस. नाहीतर खरं कुणाचं मानायचं, कळलंच नसतं."